बुधवारच्या बाजाराची जागा बांधून टाकू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बांगड्यांचे दुकान आहे, बाजाराच्या मैदानाला अगदी लागून. माझ्या सासऱ्यांनी 1961 साली याच मैदानात निंबाखाली पाल टाकून बांगड्या विकायला सुरुवात केली. पुढे त्यांनी मैदानाच्या कडेला दहा बाय बाराची जागा घेतली. 1989 मध्ये मी लग्न होऊन इथे आले आणि पहिला पोळा झाल्यावर सासूबाईंनी मला बांगड्या भरायला शिकवले. तेव्हापासून दुकानात मीच बसते. गावाचे नाव लिहीत नाही. मला कोणाशी भांडण करायचे नाही, आणि आमच्याकडे जे होऊ घातले आहे ते ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या इतर गावांतल्या वाचकांनाही ओळखीचे वाटेल.

आमच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला आहे. पुढच्या वीस वर्षांत रस्ते कुठून जातील, दुकाने कुठे होतील, बाग कुठे, शाळा कुठे, हे त्यात ठरते. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा प्रसिद्ध झाला की तीस दिवसांच्या आत कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. मी दिली आहे, पोचही घेतली आहे. पण गावातल्या बहुतेकांना आराखडा निघाल्याचेच माहीत नाही, आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या ज्या बायांचा हा बाजार आहे त्यांच्यापर्यंत तर ही गोष्ट पोचलेलीच नाही. म्हणून आपल्या पत्रातून लिहिते.

नकाशा कार्यालयात जिन्याजवळच्या भिंतीवर लावला आहे. मी सुनेला सोबत घेऊन गेले. आम्ही दोघींनी आधी निंबाची झाडे शोधली, कारण आमच्या मैदानाची खूण तीच. ती नकाशात नव्हती. मग बस स्टँड सापडले, त्यावरून मारुतीचे देऊळ, देवळावरून आमचे मैदान. मैदानाला निळा रंग दिलेला होता आणि त्यावर व्यापारी संकुलाचे आरक्षण होते, म्हणजे ती जागा संकुलासाठी राखून ठेवलेली. आठवडी बाजार कुठे गेला ते शोधायला आणखी दहा मिनिटे लागली. तो बायपासच्या पलीकडे दाखवला आहे, बस स्टँडपासून अडीच किलोमीटर. बाग नाल्यापलीकडे आणि खेळाचे मैदान गावाच्या तिसऱ्या टोकाला. सून म्हणाली, "आई, सगळं आहे, पण सगळं दूर दूर आहे." तिने एका वाक्यात सांगितले ते मी इथे सविस्तर सांगते.

मोठ्या शहरात खरेदी वेगळी आणि विरंगुळा वेगळा असेल. आमच्याकडे खेड्यातल्या बाईला दोन्ही मिळून आठवड्यातून एकच दिवस मिळतो, तो बाजाराचा. माझी एक गिऱ्हाईक आहे, चौदा किलोमीटरवरच्या गावची. सकाळच्या एसटीने येते. सोबत टोपलीभर बरबटी आणि असली तर पंधरा-वीस अंडी. गुजरीच्या कडेला बसून बारापर्यंत ती विकते. मग त्या पैशातून हळद, मीठ, फल्ली तेल, सांभार म्हणजे कोथिंबीर घेते. तिची लहान बहीण दुसऱ्या दिशेच्या गावात दिलेली आहे. दोघींची भेट कोणाच्या घरी होत नाही, ती होते महिन्यातून दोन बुधवारी, माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर. कागदात दोन आलूबोंडे घेतात, एक लहानीच्या लेकराला देतात आणि एक दोघींत खातात. मायच्या गुडघ्याचे, भावाच्या सोयाबीनचे, जावेच्या बोलण्याचे सगळे त्या अर्ध्या तासात होते. कधी एकीच्या हातात बांगड्या वाढलेल्या असतात, मग दोघी आत येतात. पाचच्या गाडीला एक पूर्वेला जाते, एक पश्चिमेला. हा ओटा कोणत्याही नकाशात विरंगुळ्याची जागा म्हणून दाखवलेला नाही. मला मात्र गेल्या चौतीस-पस्तीस वर्षांत गावात यापेक्षा मोठी विरंगुळ्याची जागा दिसलेली नाही.

आता एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. माझ्या दुकानात काचेच्या कपाटाशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याला लाल लोकरीच्या गोंड्यात ओवलेली एक चावी असते. ती आमच्या घरामागच्या संडासाची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक गरोदर बाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तिला आत नेले. तिने आपल्या गावात सांगितले, त्या गावाने दुसऱ्या गावाला. आता बाया दुकानात येतात, बांगड्यांकडे बघतसुद्धा नाहीत, खिळ्याकडे बघतात. "बाई, चाबी द्या नं जी." दिवाळीच्या आधीच्या एका बुधवारी मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून मोजले. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, 63 जणी चावी घेऊन गेल्या. त्यांच्यापैकी 19 जणींनी बांगड्या घेतल्या. आमच्या नळाला दिवसाआड पाणी येते, म्हणून मंगळवारी रात्रीच मी दोन ड्रम भरून ठेवते. मी हे उपकार म्हणून सांगत नाही. माझ्या घरापुढे सार्वजनिक बाजार भरतो, त्यात निम्म्याहून जास्त बाया असतात आणि त्यांच्यासाठी पूर्ण मैदानात एक मोरीही नाही, एवढेच सांगते. जी एक बांधली होती तिला दार नाही आणि पाण्याची जोडणी कधी झालीच नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात एक म्हातारी माझ्याकडे बसली होती, ओठ पांढरे पडलेले. मी तांब्या पुढे केला. तिने हात आडवा केला. "बजाराच्या दिवशी मी पानीच नाही पेत, बाई. मंग जाव कुठी?" त्या दिवसापासून मी ठरवले की जिथे बोलायची संधी मिळेल तिथे ही गोष्ट बोलायची.

आराखडा करणाऱ्यांनी काम केले नाही असे मला म्हणायचे नाही. पण त्यांनी माणसे कोणती मोजली, हे मी विचारले. तिथल्या साहेबांनी नीट उत्तर दिले, ते असे की 2011 च्या जनगणनेवरून पुढची लोकसंख्या काढतात. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आधार तोच. ठीक आहे. पण ती गिनती गावात राहणाऱ्यांची. बुधवारी आमच्या गावात आजूबाजूच्या खेड्यांची माणसे उतरतात. पोळ्याच्या आधीच्या बुधवारी आणि दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मैदानात पाय ठेवायला जागा नसते. ही माणसे कोणत्याच वॉर्डाची नाहीत. सतरा वॉर्डांचे सतरा नगरसेवक, आणि त्या बहिणींपैकी एकीचाही नाही. तरी गावाचा सगळा व्यापार त्यांच्यावर उभा आहे. कृषी केंद्र, किराणा, कापड, भांडी, माझ्या बांगड्या, रसवंती, पानठेला, काळीपिवळीवाले, सगळे बुधवारच्या गल्ल्यावर आठवडा काढतात.

आणि हा बुधवार कमी होत चालला आहे असे कोणी समजू नये. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले. तो फरक मी दुकानात बसून पाहिला. आधी नवरा किंवा सासरा बाजाराला यायचा, कारण एकाचेच भाडे परवडायचे. त्याने आणलेले पातळ, त्याने आणलेली चप्पल. आता बाया स्वतः येतात, पोरींना घेऊन येतात. 2024 पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार महिन्याला खात्यात पडायला लागले. ते काढायला त्या बँकेत येतात आणि निघताना बाजारात येतात. एका बाईने पहिल्या पैशातून पोरीला ड्रेस घेतला, स्वतःला चप्पल घेतली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "डझनभर भरा, आज मीच पैसे देतो." वऱ्हाडात बाया असेच बोलतात, मीच देतो. डाव्या हातात भरताना तिचे डोळे भरून आले होते. योजनेवर कोणाचे काय मत असेल ते असो, बाजारात कोण उभे आहे ते बदलले आहे, आणि पुढच्या वीस वर्षांचा बाजार आखताना हे बघितले पाहिजे.

पण तेच अर्धे तिकीट आमच्या गावच्या बायांना यवतमाळलाही नेते. जिल्ह्यात रेल्वेही येते आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंतची गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, पुढे ती यवतमाळ आणि नांदेडला जोडायची आहे. उद्या ज्याला बसायला सावली, प्यायला पाणी आणि लेकराला खेळायला चार हात जागा हवी तो अर्ध्या तिकिटात मोठ्या गावी जाईल. आमच्या गल्लीतले एक आजोबा आताच जातात. 75 वर्षांवरच्यांना एसटी 2022 पासून मोफत आहे. सकाळच्या गाडीने ते यवतमाळला जातात, तिथे बागेत बाकावर बसतात, सोबतचा डबा खातात आणि तीनच्या गाडीने परत येतात. कशासाठी जाता, विचारले तर म्हणाले, "बसाले." आपल्या गावात त्यांना बसायला जागा नाही. बस स्टँडच्या बाकावर बसले की प्रवासी उठवतात.

मोबाइलवरून मागवणे वाढले आहे, हे मला मान्य आहे. कुरिअरवाला पोरगा रोज दोन पोती पार्सले घेऊन येतो. आधी मला भीती वाटली होती. माझ्या दुकानातली टिकली, क्लिप, नेलपेंट याची विक्री खाली आलीच. पण काचेची बांगडी मोबाइलवर कोणाला भरून मिळत नाही. सव्वादोनच्या हाताला अडीचची आली की ती गळते, अडीचच्या हाताला सव्वादोनची चढवली की फुटते आणि रक्त काढते. अशा मागवलेल्या बांगड्या घेऊन बाया माझ्याकडे बदलून मागायला येतात, त्यांना वाटते सगळ्या बांगड्या माझ्याच. हात हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, हाडे किती दबतात ते बघूनच माप कळते. नवरीचा हिरवा चुडा भरायला तर सगळे घर येते. तसेच ब्लाउजच्या कापडाची जोड, लेकराच्या बुटाचे माप, विळ्याला धार, कुकरची शिट्टी, बैलाची वेसण, बियाण्याच्या पिशवीबद्दल दोन प्रश्न. ज्याला हात लावावा लागतो, ज्याचे माप घ्यावे लागते, जे दुरुस्त करावे लागते आणि ज्याबद्दल बोलावे लागते, तेवढे बाजारात उरणार आहे. त्यासाठी बंद गाळे कमी आणि उघडी, सावलीची, खाली बसता येईल अशी जागा जास्त लागेल.

आणि आराखडा नेमके उलटे करतो आहे. संकुलाचा अनुभव आमच्या गावाला आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या चौकात एक बांधले. खाली अकरा गाळे, वर अकरा. खालचे लिलावात गेले, अनामत रक्कम एवढी की ज्यांची आधीच दोन दुकाने होती त्यांनीच घेतले. वरच्या अकरापैकी नऊला आज कुलूप आहे. हातात दोन पिशव्या आणि कडेवर लेकरू घेऊन कोणती बाई जिना चढेल? भाजीवाली, कुंभार, टोपल्या-सुपे विकणारे, मसाल्याचा ढीग मांडणारी, जुने कपडे शिवून देणारा, यांच्यापैकी एकही त्या संकुलात गेलेला नाही. जाऊच शकत नाही. त्यांचे दिवसाचे भांडवल हजार-पंधराशेचे असते आणि ते सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी आमच्याकडे असे आठवडाभर फिरतात. त्यांना महिन्याचा गाळा काय कामाचा? त्यांना आठवड्यातून एक दिवस दोन हात ओटा पाहिजे.

बायपासपलीकडे बाजार नेला तर काय होईल तेही मी विचारून पाहिले. पाच-सहा विक्रेत्यांना आणि कितीतरी गिऱ्हाइकांना. एसटी स्टँडवर उतरल्यावर अडीच किलोमीटर चालायचे किंवा ऑटोने जायचे, येताना पुन्हा तेच, डोक्यावर ओझे घेऊन चौपदरी रस्ता ओलांडायचा. "आता इतक्या दूर कोन येईन जी?" असे एका मसालेवालीने मलाच विचारले. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे ऑटोत जातील. मग बाया बाजाराला येतील तेव्हा गावात येणार नाहीत, आणि गावात कामाला येतील तेव्हा बाजारात जाणार नाहीत. बँक, दवाखाना, तहसील, शाळा, बाजार, सगळे आज पायी पायी एकमेकांपासून पाच मिनिटांवर आहे. खेड्यातून आलेली बाई एका फेरीत रेशन कार्डाचे काम, लेकराचे इंजेक्शन आणि मीठ-मिरची उरकते. ही सोय कोणी आखली नव्हती, ती वापरातून झाली. तिला मोडू नये.

माझ्या मुलाने मला 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा वाचून दाखवला. त्यात गावोगावच्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया, असे आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे ती ऐकून मी त्याला ती दोनदा वाचायला लावली. विक्रेत्यांना हलवणे शक्यतो टाळावे, आणि ज्या परंपरागत बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. माझ्या सासऱ्यांनी 1961 मध्ये पाल टाकले तेव्हा बाजार आधीपासून भरत होता. त्यांच्या हातच्या वह्या माझ्याकडे आहेत, 1963 पासूनच्या, बाजार-चिठ्ठ्या म्हणजे बाजारात बसायच्या पैशाच्या पावत्या त्यांना टाचलेल्या. त्या मी हरकतींच्या सुनावणीत दाखवणार आहे. दोरखंडवाल्यांकडे आणि एका भांडीवाल्यांकडेही जुन्या चिठ्ठ्या निघाल्या.

मैदान फक्त बुधवारचे नाही, हेही सांगायला हवे. पोळ्याला या मैदानात तोरण बांधतात. गावातल्या जोड्या, बाशिंगे, गोंडे, घुंगरमाळा घालून, इथेच ओळीत उभ्या राहतात. ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या, तरी तोरण चुकलेले नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरे लाकडी नंदी ओढत याच तोरणाखाली येतात, माझा नातू गेल्या वर्षी आला. भजन, कीर्तन, शाळेचे कार्यक्रम, निवडणुकीच्या सभा, उन्हाळ्यात रात्री उकाड्याने बाहेर आलेली माणसे, सगळे इथेच. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षी इथे तंबूतला सिनेमा आला होता, सासूबाईंनी मला आणि नणंदेला दुकान लवकर बंद करून नेले होते. गावातले सिनेमागृह बंद होऊन तिथे आता कापसाच्या गाठी ठेवतात. म्हणजे दिवेलागणीनंतर कुटुंबासह जाऊन बसावे अशी गावात एकच जागा उरली आहे. तिच्यावर संकुल बांधले तर तोरण कुठे बांधायचे, हा प्रश्न मी अर्जात लिहिला आहे.

पोरींबद्दल वेगळे लिहिते, कारण आराखड्यात खेळाचे मैदान दाखवले आहे आणि ते चांगलेच आहे. पण ते दाखवले आहे एका शेतात, वस्तीपासून दूर. आमच्या गल्लीतल्या तीन पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांना आठशे मीटर धावायचे असते, चार किलोचा गोळा फेकायचा असतो. पहाटे पाचला त्या बायपासच्या कडेने धावतात, बाजूने ट्रक जातात. गोळा एकीच्या शाळेच्या दप्तरात असतो. एकीची आई रोज त्यांच्यामागे स्कूटी घेऊन हळूहळू जाते, दिवा दाखवायला. त्या आईने मला विचारले की आराखड्यातले मैदान झाले तर तिथे दिवे राहतील का, वाटेत वस्ती राहील का. मला उत्तर देता आले नाही. मैदान वस्तीला लागून, उजेडात, चार घरांच्या नजरेत असले तरच पोरी तिथे जातील. आणि त्यासाठी जागा नाही असे नाही. 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या गावात अशा तीन जागा मी स्वतः फिरून बघितल्या. एकीत गाजरगवत छातीएवढे, एकीत रेतीचे ढीग, तिसरीत कोणाची तरी कोंबड्यांची जाळी. तिथे सपाट करून दोन दिवे लावले तरी पोरींचे अर्धे काम होते. यासाठी वीस वर्षे थांबायची गरज नाही.

आणि आरक्षण कागदावर आले म्हणजे बाग झाली, असेही नाही. कायद्याप्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटते. नाल्यापलीकडची बाग खासगी शेतावर आहे. नगरपंचायतीकडे ती जमीन घ्यायला पैसा कुठून येणार आहे ते मला दिसत नाही. बाजाराचे मैदान मात्र आजच सार्वजनिक आहे. जी जागा हातात आहे ती बांधून टाकायची आणि जी नाही तिच्यावर बाग रंगवायची, हे मला पटत नाही.

मी अर्जात मागितले आहे ते फार खर्चाचे नाही. मैदानावरचे संकुलाचे आरक्षण काढून तिथे आठवडी बाजार आणि सार्वजनिक मैदान असे ठेवावे. कडेने उंच छताचे ओटे करावेत, पत्रा डोक्याला लागेल इतका खाली नको, उन्हाळ्यात त्याखाली माणूस भाजून निघतो. मधला भाग पोळ्यासाठी आणि सभेसाठी मोकळा. मैदानातले अकराही निंब राखावेत आणि त्यांच्याभोवती बसायला गोल पार बांधावेत. बायांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळे संडास, पाण्यासह, आणि बुधवारी तिथे एक बाई नेमलेली असावी. तिला पगार बाजार-चिठ्ठीच्या पैशातून द्यावा, आम्ही दुकानदार वर्गणी द्यायला तयार आहोत, तसे तेरा जणांनी सही करून दिले आहे. लेकराला पाजायला एक आडोशाची खोली. पिण्याचे पाणी. आणि संध्याकाळी साडेनऊपर्यंत दिवे, म्हणजे बाकीचे सहा दिवस म्हातारी माणसे, लेकरे, सुना तिथे बसतील. संकुल करायचेच असेल तर आधी जुन्या संकुलाचे वरचे नऊ गाळे उघडावेत. तिथे वाचनालय करता येईल. आमच्या गावात स्पर्धा परीक्षेची पोरे चहाच्या टपरीवर पुस्तके घेऊन बसतात.

आणखी एक विनंती. नकाशा जिन्याजवळच्या भिंतीवर लावून भागत नाही. एका बुधवारी तो मैदानात, निंबाखाली, मोठा करून लावावा आणि कोणीतरी माणूस उभे राहून सांगावे की हिरवे म्हणजे काय आणि निळे म्हणजे काय. हरकतीची तीस दिवसांची मुदत संपत आली असली तरी बायांना कळले तर त्या बोलतील. माझ्या दुकानात त्या दिवसभर बोलतातच.

हरकतींच्या सुनावणीची नोटीस मला आधीच आली आहे. ती बुधवारी सकाळी अकराला ठेवली आहे. बुधवारी अकराला भाजीवाल्यांची टोपली नुकतीच उतरलेली असते, मसालेवाली ढीग मांडत असते, आणि मी ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांच्यातली एकही उठून कार्यालयात येऊ शकत नाही. सुनावणी गुरुवारी ठेवावी असा अर्ज मी काल दिला. गुरुवार झाला तर दोरखंडवाले, भांडीवाले आणि दहा-बारा भाजीवाल्या येतील, तसे त्यांनी सांगितले आहे. बुधवारच राहिला तर सून दुकानात बसेल आणि मी एकटी वह्या घेऊन जाईन. चावी तेव्हाही खिळ्यालाच असेल.

आपली,
एक बांगडीवाली
(नाव व पत्ता संपादकांकडे), जि. यवतमाळ